ख्रिस्ती वाङ्मयातील पाप आणि पुण्य
लेखांक ५ : दुपारचा उबग

मागच्या लेखांकात आपण क्रोधापाशी थांबलो होतो. त्याच्या पुढचे पाप मराठीत बहुधा ‘आळस’ या नावाने सांगितले जाते. हे नाव त्या पापावर अन्याय करते, असे माझे मत आहे. आळशी माणूस अंथरुणात लोळत पडतो. ज्यांनी हे पाप पहिल्यांदा बारकाईने पाहिले, त्यांच्या लेखी मात्र ते जडलेला माणूस एका जागी बसूच शकत नाही.

ते पाहणारा होता इव्हाग्रियस. जन्म काळ्या समुद्राच्या दक्षिणेकडील पाँटस प्रांतातला, सुमारे इ.स. 345 चा. कॉन्स्टँटिनोपलमध्ये धर्मसेवेत नाव झाले. मग एका विवाहित स्त्रीवर मन जडले आणि त्याने ते शहरच सोडले. जेरुसलेममार्गे तो इजिप्तला पोहोचला आणि नाईलच्या त्रिभुज प्रदेशालगतच्या वाळवंटात, केल्लिया या वस्तीत, 399 मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिला. केल्लिया म्हणजे ‘खोल्या’. एकेका खोलीत एकेक संन्यासी. इव्हाग्रियस हस्तलिखितांच्या नकला करून पोट भरी. माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी त्याने केली. पुढे जगभर पोहोचलेली सात महापापांची यादी तिच्यातूनच निघाली.

यादीतला सहावा विचार ‘अकेडिया’. या ग्रीक शब्दाचा अर्थ कशाचीच आस्था न उरणे. इव्हाग्रियस त्याला दुपारचा सैतान म्हणतो. हे नाव स्तोत्रसंहितेतल्या 91 व्या स्तोत्राच्या ग्रीक भाषांतरातून आले. हा सैतान सकाळी दहाच्या सुमारास येतो आणि दोन वाजेपर्यंत ठाण मांडतो. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. संन्यासी पुन्हापुन्हा खिडकीशी जातो. जेवणाची वेळ तिसऱ्या प्रहराची. तिला अजून किती अवकाश आहे ते बाहेर येऊन पाहतो. कोणी भेटायला येतो आहे का, म्हणून वाटेकडे डोळे लावतो. मग ही जागा नकोशी होते, हातातले काम नकोसे होते. इथे कोणाला कोणाबद्दल प्रेमच उरलेले नाही, असे वाटू लागते. दुसरीकडे गेलो तर सगळे जमेल, देवाची भक्ती काय कुठेही करता येते, असा साळसूद युक्तिवाद सुचतो. घरची माणसे आठवतात, आणि पुढे पडलेले आयुष्य फार लांब दिसते.

सोळाशे वर्षांपूर्वीचे हे वर्णन मला आजही थक्क करते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्यांना, तोच धडा विसाव्यांदा शिकवणाऱ्या शिक्षकांना ही दुपार चांगली ठाऊक असते. (नैराश्य हा आजार आहे, त्याला वैद्य हवा. अकेडियाशी त्याची गल्लत करू नये.) अकेडियात कुठेही आराम नाही. मराठीत याला नेमका शब्द आहे : उबग.

आपल्या षड्रिपूंत उबगाला जागा नाही. पतंजलीने मात्र योगातल्या नऊ अंतरायांत ‘स्त्यान’ आणि ‘आलस्य’ वेगवेगळे मोजले. स्त्यान म्हणजे चित्ताची अकर्मण्यता. अकेडियाच्या भाषांतरात हा भेद आपल्या हातून निसटला.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने या पापाचे मूळ शोधले. उबग म्हणजे देवाने देऊ केलेल्या कल्याणाचेच दुःख वाटणे, असे तो म्हणतो. त्याची विरुद्ध बाजू म्हणजे प्रेमातून येणारा आनंद. म्हणूनच दहा आज्ञांपैकी कोणती आज्ञा या पापाने मोडते, याचे त्याचे उत्तर चकित करणारे आहे : शब्बाथ पाळण्याची, म्हणजे विसाव्याची आज्ञा. उबगलेल्या मनाला देवाच्या ठायी विसावता येत नाही. दान्तेच्या महाकाव्यात शुद्धिलोकाच्या चौथ्या पायरीवर हे पापी आहेत. अपुऱ्या प्रेमाचे प्रायश्चित्त म्हणून ते अखंड धावत असतात. दान्तेशी बोलायलाही ते थांबत नाहीत.

यावरचा सद्गुण कोणता? उद्योग, असे उत्तर पुढच्या काळात रूढ झाले. त्याचे एक मूळ जॉन कॅसियनपाशी आहे. इजिप्तमधल्या संन्याशांकडून शिकून त्याने ती परंपरा मार्सेलला नेली. त्याने सांगितलेली अब्बा पौल या संन्याशांची गोष्ट मला फार मोलाची वाटते. पौल गावापासून इतके दूर राहत की विणलेला माल बाजारात नेण्याचा खर्च त्याच्या किमतीहून जास्त झाला असता. पोटापुरते खजूर आणि भाजी जवळच मिळे. तरी ते रोज ठरलेले काम करत. वर्षभरात गुहा भरली की सगळे जाळून टाकत, आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करत. या कामातून कमाई शून्य. यालाच ‘उद्योग’ म्हटले, तर त्यातले मर्म हरवते.

इव्हाग्रियसचा शब्द आहे ‘हुपोमोने’ : ओझ्याखाली उभे राहणे, धीराने टिकणे. खोली सोडू नका, एवढेच तो सांगतो. रडू आले तर रडा, स्वतःच स्वतःची समजूत घाला, पण दाराबाहेर पडू नका. आणि मग स्वानुभवाची एक खूण देतो. इतर सैतानांच्या पाठोपाठ दुसरा येतो. याच्यामागून मात्र लगेच कोणीच येत नाही. झुंज संपली की मनात शांती आणि शब्दांत न मावणारा आनंद उरतो.

या लेखमालेत यापुढे मी ‘आळस’ लिहिणार नाही, ‘उबग’ लिहीन. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने आठांची सात पापे करताना या उबगाचे नाव यादीतून काढून त्याला दुःखात सामावून घेतले. ते कसे घडले, हे पुढच्या आठवड्यात पाहू.