विषाणूचे पाठभेद

जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकांना पाठभेद नवे नाहीत. एका पोथीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा नकला होत जातात. एखादा नकलकार एक अक्षर चुकतो आणि त्याच्या प्रतीवरून झालेल्या पुढील सर्व प्रतींत ती चूक उतरते. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती असे अपपाठ शिरल्यामुळेच. ज्या दोन पोथ्यांत एकच विशिष्ट चूक आढळते, त्या बहुधा एकाच घराण्यातील असतात. कोविड-१९ च्या विषाणूचा माग शास्त्रज्ञांनी काढला तो याच न्यायाने.

या विषाणूची पोथी सुमारे ३०,००० अक्षरांची आहे. माणसाच्या पेशीत शिरल्यावर तिच्या असंख्य नकला होतात आणि अधूनमधून एखादे अक्षर बदलते. एका परंपरेत महिन्याकाठी साधारणतः २ बदल टिकून राहतात. बहुतेक बदलांनी काहीच बिघडत नाही. परंतु विषाणूच्या पृष्ठभागावरील काट्यासारख्या प्रथिनात नेमक्या जागी बदल झाला, तर विषाणू अधिक वेगाने पसरू शकतो अथवा पूर्वीच्या संसर्गाने वा लसीने आलेल्या प्रतिकारशक्तीला काही अंशी चकवू शकतो. अशा घराण्याला ‘चिंताजनक प्रकार’ असे म्हटले जाते.

भारतात पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळात आढळला. तेथील पहिल्या रुग्णांपैकी दोघांच्या नमुन्यांतून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने संपूर्ण जनुकक्रम वाचले. ते तंतोतंत सारखे नव्हते. पुढे वर्षभर निरनिराळ्या संस्थांनी आपापल्या परीने हे काम केले. डिसेंबर २०२० मध्ये ब्रिटनमध्ये वेगाने पसरणारा प्रकार आढळल्याची वार्ता आली, तेव्हा केंद्र शासनाने १० प्रयोगशाळांचा ‘इन्साकॉग’ हा संघ स्थापन केला. त्यातील दोन संस्था पुण्याच्या होत्या: उपरोक्त विषाणू विज्ञान संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र.

यानंतरचा भाग महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की, डिसेंबर २०२० च्या तुलनेत महाराष्ट्रातील नमुन्यांत काट्याच्या प्रथिनातील ४८४ व ४५२ या दोन स्थानांवरील बदलांचे प्रमाण वाढले असून, ते १५ ते २० टक्के नमुन्यांत आढळत आहेत. त्याच निवेदनात अशीही पुस्ती होती की, काही राज्यांतील रुग्णवाढीचा संबंध या बदलांशी जोडण्याइतके पुरेसे नमुने अद्याप हाती नाहीत. या घराण्याचे नाव बी.१.६१७. त्याचीच एक शाखा ३१ मे २०२१ रोजी ‘डेल्टा’ या नावाने जगाला परिचित झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार डेल्टाचे सर्वांत आधीचे नमुने भारतातील, ऑक्टोबर २०२० चे आहेत. नमुना ऑक्टोबरचा आणि जाहीर इशारा मार्चचा. मे महिन्याच्या प्रारंभी तर देशातील दैनंदिन रुग्णसंख्येने ४ लाखांचा आकडा ओलांडला होता. वाचन वेळेवर झाले असते तर लाट टळली असती, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण खाटा व प्राणवायू यांच्या तयारीस काही आठवडे अधिक मिळाले असते, हे मान्य करावयास हवे.

विलंब का होतो? प्रत्येक बाधिताचा नमुना वाचता येत नाही. आरटी-पीसीआर चाचणीत ३० पेक्षा कमी आवर्तनांत विषाणू दिसला, म्हणजेच नमुन्यात त्याचे प्रमाण भरपूर असले, तरच जनुकक्रम नीट उमटतो. नमुना शीतपेटीतून दूरच्या प्रयोगशाळेत न्यावा लागतो. प्रारंभी ५ टक्के बाधितांचे नमुने वाचण्याचे उद्दिष्ट होते. रुग्ण लाखांनी वाढल्यावर ते आवाक्याबाहेर गेले. पुढे ठरावीक प्रयोगशाळा व मोठी रुग्णालये निवडून तेथून नियमितपणे नमुने मागविण्याची पद्धत अवलंबिण्यात आली. शिवाय नमुन्यासोबत कागद असतो. रुग्णाचे गाव, लक्षणे सुरू झाल्याची तारीख, प्रवास आणि लसीकरण यांची नोंद त्यावर नसेल, तर विषाणूचे घराणे कळते, पण तो कोठून आला व कोठे निघाला हे कळत नाही. अपुरा कागद हा आपल्या शासकीय जगातील जुनाच विकार! येथे ग्रामपंचायत सदस्य, आशा स्वयंसेविका व सर्वेक्षणास जाणारे शिक्षक यांच्या वहीतील अचूक पत्ता प्रयोगशाळेतील यंत्राइतकाच मोलाचा ठरतो.

जून २०२१ मध्ये रत्नागिरी व जळगाव जिल्ह्यांत ‘डेल्टा प्लस’ आढळला आणि केंद्राने राज्याला सावध केले. हा प्रकार पुढे डेल्टाला मागे सारू शकला नाही. त्या वेळची धावपळ व्यर्थ गेली, असे काहींना वाटले. प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. कोणती शाखा वाढेल हे पहिल्या काही नमुन्यांवरून कोणालाच सांगता येत नाही.

ओमायक्रॉनच्या वेळी चित्र बदललेले होते. दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ रोजी त्याची माहिती दिली. २ डिसेंबरला कर्नाटकातील दोन रुग्ण जाहीर झाले आणि ४ डिसेंबरला डोंबिवलीतील एक. काही चाचणी-संचांत तीनपैकी एका जनुकाचा संकेत या प्रकारात उमटत नसे, त्यामुळे संपूर्ण वाचनापूर्वीच संशय घेता येई. परंतु लवकरच त्याची बीए.२ ही शाखा पसरली. तिच्यात तो संकेत पूर्ववत उमटू लागला, आणि नमुने पुन्हा अक्षर न् अक्षर वाचावे लागले.