बर्फ ढकलायचा, पण ठेवायचा कुठे?

पहाटे साडेपाचला घरघर ऐकून जाग आली. पडदा सरकवला तर काउंटीचा बर्फ काढणारा ट्रक पिवळा दिवा फिरवत समोरून निघून गेला. मागे रस्ता काळाभोर, स्वच्छ. त्या रस्त्यावरचा बर्फ मात्र त्याने भाच्याच्या वाटेच्या तोंडाशी लोटून दिला होता. मांडीएवढा उंच, चांगला दहा-बारा फूट लांब बांध. भाचा बूट चढवत म्हणाला, "मामा, आतला बर्फ कापूस आहे. हा बांध तासाभरात दगड होईल. आधी तो फोडू, मग चहा."

मी निफाडकडचा माणूस. बांध फोडणं हे आमच्याकडे भाऊबंदकीचं काम. तिथे ते पंचवीस अश्वशक्तीच्या छोट्या ट्रॅक्टरने दोन-दोन दिवसांआड करावं लागतं. त्या ट्रॅक्टरला कोणतं पातं लावायचं, पुढे लावायचं की मागे, यावर तिथली माणसं इतक्या हिरीरीने बोलतात, की आपल्याकडची उसाच्या जातींवरची पारावरची भांडणं आठवावीत. त्या हिवाळ्यात मीही त्यात पडलो. वाचलं, मोजलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलं.

जागा आहे मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला लेक सुपीरियरमध्ये शिरलेला किवीनॉ द्वीपकल्प. एके काळी तांब्याच्या खाणींचा हा मुलूख. आता हॉटन गावातल्या मिशिगन टेक विद्यापीठामुळे आपली मुलंही तिथवर पोचतात. भाचा तसाच गेला आणि राहिला. कॅनडाकडून येणारा कोरडा, बोचरा वारा सरोवराच्या तुलनेने उबदार पाण्यावरून वाहताना वाफ उचलतो आणि किवीनॉच्या टेकड्यांवर चढला की ती बर्फ होऊन पडते. आपल्याकडे सह्याद्री मोसमी वाऱ्यांना अडवतो, तोच प्रकार. पाऊस तेवढा पांढरा. महामार्ग ४१ च्या कडेला तिथे हंगामाचा एकूण बर्फ दाखवणारी उंचच उंच मोजपट्टी उभी आहे. तिच्यावरचा विक्रम १९७८-७९ च्या हिवाळ्याचा, ३९०.४ इंच. म्हणजे साडेबत्तीस फूट. एवढा बर्फ एकदम साचत नाही, आधीचा दबत जातो. पण काढायचा तर सगळाच असतो.

थोडा हिशेब करू. दारापासून रस्त्यापर्यंतची वाट १०० फूट लांब, १२ फूट रुंद धरा. अर्धा फूट बर्फ पडला की ६०० घनफूट झाले, म्हणजे १७ घनमीटर. ताज्या बर्फाचं वजन घनमीटरला १०० किलो धरलं तर १,७०० किलो. सरोवरावरून येणारा भुरभुरीत बर्फ याच्या निम्म्याने हलका असू शकतो आणि मार्चमधला ओला बर्फ तिप्पट जड. हंगामात २०० इंच पडला, जे किवीनॉत साधं वर्ष म्हणायचं, तर या एका वाटेवरून पंचावन्न-साठ टन माल हलतो. तो वितळायला एप्रिल उजाडतो. तोवर तो तुमच्याच अंगणात, तुम्ही ढकलाल तिथे बसून राहतो.

म्हणून पात्याच्या निवडीत पहिला प्रश्न अश्वशक्तीचा नाही आणि किमतीचाही नाही. बर्फ ठेवायचा कुठे, हा आहे. दुकानात तो कोणी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर दुकानात मिळत नाही.

बर्फ काढायलाच हवा ही समजूतसुद्धा तशी अलीकडची. घोड्यांच्या काळात उत्तर अमेरिकेतल्या खेड्यांत रस्त्यावरचा बर्फ काढत नसत, लाकडी फळ्यांचे अवाढव्य रूळ घोड्यांकडून ओढवून तो दाबून घट्ट करत, म्हणजे घसरगाड्या वर सुरळीत चालत. छपराच्या लाकडी पुलांवर बर्फ पडत नसे, तर तिथे माणसं लावून मुद्दाम बर्फ पसरवत! मिलवॉकी शहरात १८६२ साली घोड्यांचे बर्फ-नांगर रस्त्यावर आले, तरी खेड्यांत रूळ फिरत राहिले. मोटारी आल्या आणि मग रस्ता काळा दिसायला हवा असं झालं. जुनी चाल अजून एका जागी टिकून आहे. ज्यांची वाट खडीची असते ते शहाणे लोक पहिले एक-दोन बर्फ काढत नाहीत, ट्रॅक्टर फिरवून दाबून टाकतात. त्याचा घट्ट थर झाला की पुढचा सगळा हिवाळा पातं त्या थरावरून फिरतं आणि खडी जागच्या जागी राहते. न दाबता पातं टेकवलं, तर वसंतात निम्मी खडी हिरवळीतून वेचावी लागते. भाच्याने पहिल्या वर्षी ती वेचली आहे, बादल्या भरभरून.

आता पाती. सर्वांत स्वस्त ते मागचं. ट्रॅक्टरच्या मागच्या तीन कड्यांना, म्हणजे लिंकेजला, जोडायचं सरळ पोलादी पातं. आपल्याकडे शेत सपाट करायला जे लेव्हलर ब्लेड लावतात तेच हे. ही तीन कड्यांची जोडणी हॅरी फर्ग्युसनने सिद्ध केली आणि १९३९ च्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरने घरोघरी नेली. तिची मापं ठरलेली असल्यामुळे निफाडच्या ट्रॅक्टरचं पातं हॉटनच्या ट्रॅक्टरला बसायला हरकत नाही. बायकोशी भांडण होणार नाही एवढ्याच किमतीत मिळतं, मोडण्यासारखं त्यात काही नसतं. गॅरेजच्या दाराला चिकटलेला बर्फ ओढून बाहेर काढायला याच्यासारखं दुसरं काही नाही. पुढचं पातं तिथे हतबल होतं, ते बर्फ दारावरच ढकलणार.

अडचण दोन ठिकाणी. एक तर ट्रॅक्टर आधी बर्फ तुडवतो आणि पातं नंतर पोचतं. चाकांखाली दबलेल्या दोन पट्ट्या मग निघता निघत नाहीत. दुसरं, मान. शंभर फूट वाट दहा वेळा, पूर्ण वेळ मागे वळून बघत. मी दोन दिवस हौसेने चालवला, तिसऱ्या दिवशी मानेला शेक घेतला. पातं उलटं फिरवून ट्रॅक्टर मागे घेत बर्फ ढकलणारेही आहेत. हलक्या बर्फात चालतं. पण ती जोडणी मुळात ओढण्यासाठी बनवलेली. मागे जाताना पातं गोठलेल्या ढेकळावर आदळलं की धक्का थेट खालच्या दांड्यांवर येतो.

पुढच्या पात्याचं तसं नाही. बर्फ तुडवला जाण्याआधी निघतो, डोळ्यांसमोर निघतो. पातं डावी-उजवीकडे तिरकं करता येतं. हायड्रॉलिकवर असेल तर बसल्या जागी, नसेल तर दर वेळी उतरून पिन बदलून. उणे पंधरात पिन बदलून पाहा म्हणजे हायड्रॉलिकचे पैसे महाग वाटणार नाहीत. पात्याची पाठ वाकलेली असते, त्यामुळे बर्फ तिच्यावर चढतो, गुंडाळतो आणि कडेला ओघळतो. नांगराच्या फाळाने माती उलटावी तसा.

रुंदीबद्दल मात्र सगळे फसतात. पातं तिरकं केलं की आखूड होतं. पाच फुटी पातं तीस अंशांत वळवलं तर समोरून ५२ इंच उरतं. छोट्या ट्रॅक्टरची चाकं बाहेरून बाहेर पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस इंच भरतात, म्हणजे दोन्हीकडे जेमतेम बोटभर जागा. साडेचार फुटी घेतलं तर तिरक्या अवस्थेत ते ४७ इंचांवर येतं आणि एक चाक न काढलेल्या बर्फातून चालतं. दुकानातलं माप सरळ पात्याचं असतं. घेताना तिरकं करून मोजा.

याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी वाकून पाहाव्या लागतात. एक, पात्यामागच्या जाड स्प्रिंगा. फरशीच्या वर आलेल्या कडेला पातं अडकलं तर ते पुढे कलंडून वरून निघून जावं, यासाठी त्या असतात. स्प्रिंग नसलेलं पातं अडकतं तेव्हा ट्रॅक्टर थांबतो आणि माणूस स्टिअरिंगवर आपटतो. दुसरी, पातं जोडलंय कशाला. लोडरच्या, म्हणजे बादली उचलणाऱ्या, पुढे आलेल्या हातांना पातं लावणं सोपं, पण पात्याचं एकच टोक कशाला धडकलं की ते लांब हात पिळवटतात. पोटाखालून येणाऱ्या वेगळ्या सांगाड्यावर बसवलेलं पातं हे सगळे धक्के ट्रॅक्टरच्या चेसीला देतं. रोजचं काम असेल तर सांगाडा. हिवाळ्यात चार-सहादा काढायचं असेल तर लोडर पुरे, सावकाश चालवा.

पात्याची खालची कड रबराची की पोलादाची, हेही वाटेवर ठरतं. डांबराला पोलाद, खडीला रबर. तिथल्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने जुना लोखंडी पाइप लांबीत चिरून पोलादी कडेवर टोपीसारखा बसवला होता. गोल पाइप खडीत रुतत नाही, वरून घसरतो. खर्च शून्य. वखराची पास दगडाळ रानात बोथट ठेवणाऱ्या आपल्या माणसाला ते बघून बरं वाटलं असतं.

अश्वशक्तीचं सांगायचं राहिलं. लोक अठराऐवजी पंचवीसचं इंजिन घेतात आणि तरी चाकं जागच्या जागी फिरतात. दाबलेल्या बर्फावर टायरची पकड वजनाच्या साधारण पाव हिश्शाएवढीच मिळते, काचेसारख्या बर्फावर त्याहूनही कमी. सातशे किलोचा ट्रॅक्टर पावणेदोनशे किलोच्या जोराने ढकलणार, इंजिन काहीही असो. तेव्हा पैसे घालायचे ते वजनात आणि साखळ्यांत. मागच्या टायरना साखळ्या, मागच्या लिंकेजवर काँक्रीटचा ठोकळा, आणि टायरच्या पोटात द्रव. आपणही ट्रॅक्टरच्या टायरमध्ये पाणी भरतो. तिथे पाणी भरलं तर पहिल्याच आठवड्यात बर्फाचा गोळा होईल. पूर्वी कॅल्शियम क्लोराइडचं खारं पाणी भरत, त्याने रिम गंजून जात. आता साखर-बीटचा गाळीव रस भरतात. आपल्या मळीचा हा चुलतभाऊच. पाण्यापेक्षा जवळपास तीस टक्के जड, कडाक्याच्या थंडीतही न गोठणारा, आणि लोखंडाला न खाणारा. साखर कारखान्यांच्या मुलुखातून गेलेल्या माझ्यासारख्याला त्या टायरची टोपी उघडल्यावर आलेला वास ओळखीचा वाटला.

ब्लोअरचा विषय आमच्या निफाडकडे काढला तर लोक द्राक्षबागेतल्या फवारणीबद्दल बोलू लागतील. तिथे ब्लोअर म्हणजे बर्फ ओढून, भिरकावून दूर फेकणारं यंत्र. माँट्रियलजवळच्या आर्थर सिकार यांनी १९२५ साली ते ट्रकवर बसवून दाखवलं आणि १९२७ मध्ये उत्रमाँ गावाने ते विकत घेतलं. ट्रॅक्टरचा ब्लोअर पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, चालतो. पात्याच्या दुप्पट किंमत, निम्मा वेग, आणि वर्तमानपत्राचं पुडकं किंवा पायपुसणं बर्फाखाली लपलेलं असेल तर सुरक्षा-पिन तुटलीच. अडकलेला बर्फ हाताने काढायला जाऊन बोटं गमावणारे दर हिवाळ्यात निघतात. पीटीओ सोडा, इंजिन बंद करा, आणि तरीही हात न घालता काठी घाला.

एवढं असून किवीनॉत ब्लोअर घरोघर दिसतात. कारण पुन्हा तेच, जागा. पातं बर्फ फक्त बाजूला करतं. डिसेंबरात दोन्ही कडांना गुडघाभर ढीग, जानेवारीत छातीइतके. ते गोठतात, पातं त्यांना हलवू शकत नाही आणि बारा फुटांची वाट दर आठवड्याला वीतभर अरुंद होते. फेब्रुवारीत गाडीचे आरसे घासायला लागतात. ब्लोअर तोच बर्फ ढिगांवरून तीस फूट पलीकडे फेकतो. रस्त्यापलीकडे ढकलून मोकळं व्हावं म्हणाल तर मिशिगनच्या वाहन कायद्यात रस्त्यावर बर्फ टाकण्याला मनाई आहे.

तिथे बर्फ काढणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरांमध्ये महिंद्राचे लाल ट्रॅक्टरही दिसतात. १९६३ साली शिकागोच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरचा हात धरून ट्रॅक्टर बनवायला लागलेली मुंबईची कंपनी १९९४ पासून अमेरिकेत ट्रॅक्टर विकते आहे. भाच्याचा ट्रॅक्टर दुसऱ्या बनावटीचा. त्याने महिंद्रा का घेतला नाही, हे मी विचारून पाहिलं. जवळ दुरुस्तीवाला कोणाचा आहे ते बघून घेतला, म्हणाला. उत्तर बिनतोड होतं.

माझं मत विचाराल तर असं. हंगामात शंभर इंचांच्या आत बर्फ आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट मोकळं असेल तर पाच फुटी पुढचं पातं, हायड्रॉलिकने वळणारं, स्प्रिंगांचं. पैसे कमी असतील तर मागचं पातं आणि साखळ्या. साखळ्यांत काटकसर नको. दोनशे इंचांच्या मुलुखात, किंवा वाटेला भिंती-कुंपणं चिकटून असतील तर ब्लोअर घ्या, आणि गॅरेजच्या दारासाठी जुनं मागचं पातं जवळ ठेवा. पातं असेल तर पहिल्या बर्फापासूनच ढीग वाटेच्या कडेपासून चार फूट पलीकडे न्यायचे, आणि होता होईल तो वाऱ्याच्या पलीकडच्या अंगाला. वाऱ्याकडच्या बाजूला ढीग केला तर त्याच्या आडोशाला, म्हणजे नेमका वाटेवर, वारा आणखी बर्फ आणून टाकतो.

त्या दिवशी बांध फोडायला आम्हाला वीस मिनिटं लागली. लोडरच्या बादलीने, कारण तिथे पातं नुसतंच वर चढत होतं. चहा झाला आणि तोच पिवळा दिवा पुन्हा समोरून गेला.

अमेरिकेत, कॅनडात राहत असाल तर हिवाळ्याआधी, जमीन मऊ असतानाच एक काम करा. वाटेच्या दोन्ही कडांना चार-चार फुटी काठ्या ठोका, वर लाल फडकं बांधा. एकदा दोन फूट बर्फ पडला की वाट कुठे संपते आणि गुलाबाची झाडं कुठे सुरू होतात, हे ट्रॅक्टरवरून दिसत नाही.