चार इंचांच्या पट्टीचा हिशेब

घराच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक मांडताना फरशी, रंग, दारे-खिडक्या यांची स्वतंत्र नोंद होते. भिंतीच्या पायथ्याशी धावणारी चार इंचांची पट्टी, जिला कारागीर स्कर्टिंग म्हणतात, ती मात्र ‘इतर खर्च’ या सदरात लोटली जाते. दुकानात पै-पैचा हिशेब ठेवणारा व्यापारीही येथे गाफील राहतो. सुताराने वा गवंड्याने सांगितलेला फुटाचा दर तो घासाघीस करून उतरवतो आणि काम संपल्यावर एकूण खर्च दुप्पट-तिप्पट कसा झाला याचे नवल करतो.

दोन शयनगृहांच्या सदनिकेचे उदाहरण घ्यावे. दिवाणखाना 16 बाय 11 फूट, दोन्ही खोल्या 12 बाय 10. तिन्हींचा परीघ 54, 44 आणि 44 मिळून 142 फूट होतो. दारांच्या पाच मोकळ्या जागा प्रत्येकी तीन फुटांच्या धरल्या, तर पट्टी लागते ती 127 फूट; तुटफुटीसाठी दहा टक्के वाढवून 140 फूट माल घ्यावा. बिलात पुष्कळदा सरळ परीघच लावला जातो, म्हणून मोजमाप काम सुरू होण्यापूर्वी दोघांच्या समक्ष, फीत धरून व्हावे.

आता दर. ते गावोगाव निराळे असतात. येथे घेतलेले आकडे केवळ गणितासाठी आहेत. दोन फूट चौरस विट्रिफाइड टाइलमधून चार इंचांचे सहा तुकडे निघतात, म्हणजे एका टाइलमध्ये बारा फूट. 140 फुटांना बारा टाइल्स पुरतात. चौरस फुटाला 60 रुपये धरले तर माल 2,880 रुपयांचा. कापणे व कड घासणे फुटाला 15 प्रमाणे 2,100. बसवणे सिमेंटसह 45 प्रमाणे 5,715. जुनी पट्टी तोडणे 25 प्रमाणे 3,175. राडारोडा नेणारा टेम्पो 2,500. येथवर 16,370 रुपये झाले. परंतु पट्टी उखडताना वरचा गिलावा वेडावाकडा निघतो. तेवढाच भाग रंगवला तर ठिगळ दिसते, म्हणून पूर्ण भिंती रंगवाव्या लागतात. सुमारे 1,200 चौरस फुटांना 18 रुपयांप्रमाणे 21,600. एकूण 37,970. ज्या टाइलच्या भावासाठी अर्धा तास खर्ची पडला, तिचा वाटा आठ टक्क्यांहून कमी आणि रंगाचा निम्म्याहून अधिक! यातून निघणारी गोष्ट साधी आहे: घर रंगवायचे ठरले असेल त्याच वर्षी, रंगाच्या आधी, हे काम उरकावे.

कंत्राटदार नोंदणीकृत असेल तर 18 टक्के जीएसटी लागतो, हेही आधीच विचारावे. काही जण हे बिल पेढीच्या नावे घेऊन कराची वजावट मिळवू पाहतात. राहत्या घराची दुरुस्ती हा धंद्याचा खर्च नव्हे आणि त्यावरील जीएसटीचे क्रेडिट मिळत नाही. थोड्या रकमेपायी वह्या डागाळू नयेत.

चौकटींचा प्रश्न वेगळा. न्हाणीघराच्या दाराची लाकडी चौकट बहुधा खालच्या वीतभर भागातच कुजते. संपूर्ण चौकट काढायची म्हणजे दोन्ही बाजूंचा गिलावा आणि आतील टाइल्सही फुटणार. चांगला सुतार कुजलेला भाग कापून तेथे नव्या लाकडाचा सांधा बसवतो. मुळातच चौकट बदलायची असेल, तर न्हाणीघराला ग्रॅनाइटची घ्यावी. ओलीची चिंता कायमची मिटते.

जैन कुटुंबासाठी या हिशेबात आणखी एक खाते आहे. वाळवी हा आपल्या शास्त्रात त्रींद्रिय जीव. घर बांधणे-सारवणे यांत घडणारी हिंसा आरंभी समजली जाते आणि गृहस्थाला ती पूर्णपणे टळत नाही. विषारी औषध फवारून जाणूनबुजून केलेली हिंसा मात्र संकल्पी, आणि तिचा त्याग श्रावकाला सांगितला आहे. चौकट पोखरली गेल्यावर हा पेच दारात येऊन उभा राहतो, तेव्हा कोणताही मार्ग मनाला स्वस्थता देत नाही. म्हणून खर्चाची खरी जागा त्याच्या आधी आहे.

वाळवीला ओल, अंधार आणि लाकूड लागते. फरशी पुसताना झिरपणारे पाणी, भिंतीतला गळका नळ, बाहेरून चढणारी ओल यांचा बंदोबस्त न करता नवी पट्टी लावणे म्हणजे जुन्या दुखण्यावर नवे कापड बांधणे. एमडीएफची पट्टी स्वस्त आणि देखणी असते, पण पाणी शोषून फुगते. सांगली-कोल्हापूरकडील ज्या घरांनी 2005, 2019 आणि 2021 चे पूर पाहिले, त्यांना हे वेगळे सांगायला नको. जुन्या पट्टीवरच पीव्हीसीची पट्टी चिकटवून तोडफोड वाचवता येते हे खरे. मात्र मागे राहिलेली पोकळी मुंग्या-झुरळांचे घर बनते आणि त्यांना हुसकावण्याचा प्रसंग आपणच ओढवून घेतो. दगड वा टाइल, सांधे नीट भरलेले, आणि वरची कड भिंतीच्या पातळीत, ही रचना महाग वाटली तरी यत्नाचाराला धरून आहे. अर्थात दगडी पट्टीने वाळवीला मिळणारे अन्न कमी होते, वाट बंद होत नाही; भिंतीच्या भेगेतून ती वरच्या कपाटापर्यंत पोचू शकते. कपाटे भिंतीपासून बोटभर दूर असावीत, हे आपल्या घरांतील जुन्या स्त्रिया विनाकारण सांगत नसत.

काम केव्हा काढावे? पावसाळ्यात गिलावा सुकत नाही, जीवोत्पत्ती वाढते, आणि चातुर्मासात तोडफोड टाळण्याची परंपरा आहेच. होळीनंतर कामाला हात घालून ते वैशाखात संपवले तर ज्येष्ठाच्या उन्हात भिंती पूर्ण वाळतात. पट्टी काढल्यावर भिंत काही दिवस उघडीच ठेवावी. गवंड्याला घाई असते, कारण त्याला पुढचे काम धरायचे असते; त्यामुळे हे थांबणे आधीच ठरवून घ्यावे आणि शेवटचा हप्ता रंग झाल्यावरच द्यावा.

उरलेल्या दोन-तीन टाइल्स भंगारात देऊ नयेत. खोक्यावरील छटा आणि बॅचचा क्रमांक बिलाच्या मागे लिहून ते बिल घराच्या कागदपत्रांत ठेवावे. पाच वर्षांनी एक तुकडा फुटला, तर तीच छटा बाजारात सहसा मिळत नाही.