घरातले कीटक – ५ : आधी झुरळ ओळखा, मग औषध आणा
गेल्या आठवड्यात मुंग्या झाल्या, आता झुरळं. रात्री स्वयंपाकघरातला दिवा लावला की ओट्यावर पळापळ दिसते आणि हात थेट फवाऱ्याच्या डब्याकडे जातो. घाई इथेच नडते. आपल्याकडच्या घरांत प्रामुख्याने दोन जातींची झुरळं आढळतात आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

दीड इंच लांब, तांबूस तपकिरी, डोक्यामागच्या ढालीला पिवळसर कडा असलेलं ते अमेरिकन झुरळ. नाव काहीही असो, ते मूळचं आफ्रिकेतलं. त्याचा मुक्काम गटारात आणि ड्रेनेजच्या चेंबरमध्ये. घरात ते मोरीच्या जाळीतून नाहीतर पाइपाभोवतीच्या फटीतून शिरतं. जाळी बारीक छिद्रांची बसवावी, फटी सिमेंटने बुजवाव्यात. वापरात नसलेल्या न्हाणीघरात अधूनमधून पाणी ओतावं, म्हणजे पाइपाच्या वळणातलं पाणी (ट्रॅप) आटून वाट मोकळी होत नाही.

खरं चिवट ते लहान झुरळ. अर्धा इंच लांब, फिकट तपकिरी, ढालीवर दोन समांतर काळ्या रेघा. हे जर्मन झुरळ. शास्त्रज्ञ लिनियसने १७६७ मध्ये त्याला हे नाव दिलं. मात्र २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १७ देशांतल्या झुरळांच्या जनुकीय अभ्यासानुसार ही जात सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात आशियाई झुरळापासून वेगळी झाली. मादी अंड्यांची पिशवी पोटाच्या टोकाला धरूनच हिंडते. एका पिशवीत तीस-चाळीस अंडी असतात आणि पिल्लं निघायच्या जेमतेम आधी ती खाली पडते. त्यामुळे केरवारे करून अंडी हाती लागत नाहीत.

ही झुरळं गटारातून येत नाहीत. किराणामालाचे खोके, रद्दी, जुना मिक्सर यांतून ती घरात येतात आणि ऊब व ओल मिळेल तिथे राहतात. टॉर्च घेऊन ट्रॉली पूर्ण बाहेर काढावी, फ्रिजच्या मोटरजवळ आणि सिंकखाली बघावं. मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके आणि टाकलेली कात दिसली की तळ सापडला. ही घाण नुसती किळसवाणी नाही. विष्ठा आणि कातीच्या कणांनी अनेक मुलांचा दमा बळावतो.

फवाऱ्याने समोरची चार मरतात, बाकीची फटींत आणखी आत सरकतात. शिवाय नेहमीच्या कीटकनाशकांना ही जात बरीच सरावली आहे. इथे काम करतं ते जेल. बिजागऱ्यांत, फटींच्या तोंडाशी त्याचे बारीक थेंब लावायचे. खाल्लेलं झुरळ लपायच्या जागी जाऊन मरतं; त्याची विषारी विष्ठा खाऊन पिल्लंही मरतात. जेलच्या आसपास फवारा मारला तर मात्र झुरळं तिकडे फिरकत नाहीत आणि पैसे वाया जातात.

एकच जेल वर्षानुवर्षं वापरू नये. ग्लुकोज टाळणारी जर्मन झुरळं अमेरिकेत १९९३ मध्ये नोंदली गेली. गोड आमिषात विष मिळत राहिल्याने पिढ्यांमागून पिढ्या तीच तगली होती. त्यांना ग्लुकोज कडू लागतं, हे २०१३ मध्ये सिद्ध झालं. म्हणून थेंब आठवडाभर तसेच राहिले आणि झुरळंही दिसत राहिली, तर दुसऱ्या घटकाचं जेल आणावं.

रात्री सिंक कोरडं करावं, खरकटी भांडी ठेवू नयेत, कचऱ्याचा डबा झाकावा. दुसरं अन्न-पाणी नसेल तर झुरळ जेलकडे लवकर वळतं. आणि सोसायटीत राहणाऱ्यांनी शेजाऱ्यांशी बोलून एकाच वेळी जेल लावावं. भिंतीपलीकडचा तळ शाबूत असेल, तर महिन्या-दोन महिन्यांत झुरळं पुन्हा ओट्यावर येतात.