कासच्या पठारावर दवबिंदूचा एक दिवस

पहाटे साडेपाच. सप्टेंबरचा महिना, उंची साधारण १,२०० मीटर, दोन हातांपलीकडचं दिसू नये असं धुकं. जांभ्याच्या कातळावर जेमतेम मातीचा थर, तोही पाण्याने गच्च. त्यात रुपयाच्या नाण्याएवढं तांबूस चक्र जमिनीला चिकटून बसलेलं आहे. हा दवबिंदू, शास्त्रीय नाव ड्रोसेरा बर्मानी. पानांच्या केसांच्या टोकांवर थेंब चमकतायत. आत्ता सगळं पठारच थेंबांनी भरलंय, त्यामुळे याचे वेगळे ओळखू येत नाहीत.

सात. धुकं विरळ होतं आणि रोपाचं रोजचं काम सुरू होतं: उन्हातून साखर करणं. मांसाहारी वनस्पती म्हटलं की आपण भुकेलं तोंड डोळ्यांसमोर आणतो. पण पोट भरायला याला किडा लागतच नाही, ते इतर हिरव्या झाडांसारखंच भरतं. अडचण मातीची आहे. इथल्या धो-धो पावसात नायट्रोजन आणि फॉस्फरस टिकत नाहीत. किडा हवा तो खतासाठी.

नऊ. गवतावरचं दव उडालं. याचे थेंब जागच्या जागी. ते रोपाने स्वतः पाझरलेल्या चिकाचे आहेत. वाटेवर गाड्यांमधून माणसं उतरू लागतात. सगळ्यांना तेरडा हवा, निळी सीतेची आसवं हवीत. पायाखाली बघणारे थोडेच. फोटोसाठी वाट सोडून आत टाकलेलं एक पाऊल या रोपाचा हंगाम संपवू शकतं, आणि टाकणाऱ्याला ते कळतही नाही.

दहा वाजून गेले. एक चिलट पानावर उतरतं. एक पाय चिकटला, तो सोडवताना दुसरा. पानाच्या कडेचे लांब केस काही सेकंदांत आत वळतात आणि चिलटाला मधल्या दाट चिकात ढकलतात. वनस्पतींच्या मानाने ही विजेची चपळाई. दवबिंदूच्या पुष्कळ जातभाईंना एवढ्यासाठी कित्येक मिनिटं लागतात. चिलट जितकं धडपडतं तितके आणखी केस वाकतात. त्याच्या अंगावरची श्वासाची छिद्रं चिकाने बुजतात. मरण गुदमरून येतं, चावून नाही.

बारा. उन्हात पांढरं फूल उघडतं. देठ मात्र चांगला बोटभर उंच: ज्याने परागकण न्यावेत तोच किडा पानावर अडकला तर कसं व्हायचं? अर्थात कुणीच आलं नाही तरी अडत नाही. फूल स्वतःच्याच परागकणांवर बी धरतं.

तीन. सर आली. थेंब केसांवर आपटतात, पण केस वळत नाहीत. डार्विनने विलायती दवबिंदूवर वर्षानुवर्षं प्रयोग करून १८७५ मध्ये पुस्तक काढलं, त्यात हे नोंदवलंय. त्याने पानांना दूध दिलं, अंड्यातला पांढरा बलक दिला, केस वाकले. साखरेचं पाणी आणि चहा दिला, ढिम्म. नायट्रोजन आहे की नाही, हे पान बरोबर ओळखतं. या दवबिंदूच्या बाकीच्या पानांवरचा चीक आता पावसाने धुऊन नेला. तो पुन्हा करायचा, म्हणजे सकाळच्या साखरेतला वाटा गेलाच.

सात. साखरेचं काम अंधाराबरोबर बंद. चिलटाचं पान मात्र कामावरच. पाचक रस सुटलेत, प्रथिनं विरघळतायत आणि पानातून आत शोषली जातायत. हे आज संपणारं नाही, काही दिवस चालेल. मग केस पुन्हा ताठ होतील आणि उरलेलं टरफल वारा नेईल.

शेजारच्या सीतेच्या आसवांनाही शिकार लागतेच. त्यांचे सूक्ष्म फुगे मातीखाली असतात, पाणी बाहेर टाकून सापळा ताणून ठेवतात. एखाद्या जिवाचा धक्का लागला की सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात तो आत ओढला जातो. त्यांना दिवस-रात्र सारखीच, पावसाचीही फिकीर नाही. निळ्या फुलांसमोर उभं राहून फोटो काढणाऱ्यांपैकी कितींना हे ठाऊक असेल, कोण जाणे.