सोयाबीन, कापूस, जवस आणि शर्यतीची मोटार

सोयाबीन आणि कापूस ही वऱ्हाडची दोन्ही पिकं मोटारीच्या अंगाला लागलेली आहेत. हेन्री फोर्डने ऑगस्ट १९४१ मध्ये डिअरबॉर्नला एक मोटार लोकांपुढे आणली. आत पोलादी नळ्या, वरून प्लास्टिकचे १४ पत्रे, आणि त्या प्लास्टिकात सोयाबीन होतं असं ती घडवणाऱ्यांनी सांगून ठेवलं आहे. पूर्व जर्मनीत झ्विकाऊला १९५७ पासून निघालेल्या ट्रबांटचे पत्रे तर टाकाऊ सोव्हिएत कापूस फेनॉलच्या रेझिनमध्ये दाबून केले जात. अशा तीस लाखांवर गाड्या रस्त्यावर आल्या. अकोल्याच्या जिनिंगमध्ये उडणारी रुई पाहिली की मला हटकून ट्रबांट आठवते.

धागा आणि रेझिन, कंपोझिट म्हणजे एवढंच. धागा ओढ सोसतो, रेझिन धाग्याला जागेवर धरून ठेवतं. मात्र या दोन्ही गाड्यांत खरा भार पोलादच वाहत होतं. ही कातडीच सांगाडा झाली ती १९८१ साली, जॉन बर्नार्ड यांनी रचलेल्या मॅक्लारेन या शर्यतीच्या संघाच्या एमपी४/१ या कार्बन फायबरच्या गाडीत. त्याच वर्षी मोंझाच्या शर्यतीत चालक जॉन वॉटसनची गाडी कठड्यावर आदळली. इंजिन तुटून मागे पडलं आणि वॉटसन धडधाकट बाहेर आला. कार्बन ठिसूळ, त्याच्यावर जीव कसा सोपवायचा, ही कुजबुज तिथेच थांबली.

शर्यतीची गाडी विद्यार्थीही बांधतात. त्यांच्या शर्यतींचा इतिहास थोडक्यात सांगतो. फॉर्म्युला एसएई अमेरिकेत १९८१ मध्ये सुरू झाली, आपल्याकडे सुप्रा एसएई इंडिया २०११ मध्ये, आणि फॉर्म्युला भारत कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर रंगते. पोरांनी एकआसनी गाडी स्वतः रचायची, बांधायची, पळवायची. आपले बहुतेक संघ पोलादी पाइपांचाच सांगाडा वेल्ड करतात, कारण तो स्वस्त पडतो आणि तुटला तर जागेवर जोडता येतो. कंपोझिटलाही नियमांची आडकाठी नाही. ते पोलादाच्या तोडीचं आहे हे मात्र सिद्ध करावं लागतं, आणि चालकाच्या डोक्यामागची मुख्य कमान पोलादाचीच लागते.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. कंपोझिट चासिसचा, म्हणजे सांगाड्याचा, कापलेला तुकडा हातात घेऊन बघावा. वर-खाली धाग्याच्या दोन पातळ कातड्या, आणि मध्ये फोम किंवा ॲल्युमिनियमची मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी. वाकताना एक कातडी ताणली जाते, दुसरी दाबली जाते. दोघींमधलं अंतर वाढवलं की ताठपणा कितीतरी पटींनी वाढतो आणि वजन मात्र जेमतेम. कापड कोणत्या दिशेने घालायचं हे त्याहून महत्त्वाचं. लांबीच्या धाग्यांनी गाडी वाकत नाही. पण वळणावर ती पिळली जाते, आणि तो पीळ ४५ अंशांत तिरपे घातलेले थर सोसतात. महागडं कार्बन आणलं आणि दिशा चुकली तर पैसे पाण्यात. वजन वाचतं ते धागा नेमका कुठे हवा हे कळल्यामुळे.

अमरावतीतल्या एका महाविद्यालयाच्या कार्यशाळेत पहाटे गाडीचं नाक घडताना मी पाहिलं. साच्याला मेणाचे हात, मग कापडाचे थर, ब्रशने रेझिन, रोलरने हवा बाहेर. त्यावर सुटून येणारं पील-प्लाय, जादा रेझिन शोषणारं कापड, आणि शेवटी प्लास्टिकची पिशवी कडेने काळ्या चिकटपट्टीने बंद. पंप सुरू झाला की पिशवी साच्याला घट्ट बिलगते. पूर्ण निर्वात साधलं तर वातावरणाचा दाब चौरस मीटरला सुमारे १० टन पडतो, फुकटात! एक मुलगा पिशवीच्या कडेला कान लावून बारीक शिटी कुठून येते ते शोधत होता. इतक्या पहाटे का बसता, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "सर, दुपारी कालवलं का डब्यातच गोटा होते जी!" खरंच आहे. तापमान १० अंशांनी चढलं की इपॉक्सी रेझिनवर काम करायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो, आणि मे महिन्यात अकोल्या-अमरावतीचा पारा ४५ला टेकतो.

कार्बन महाग, हे रडगाणं मला मान्य नाही, कारण जवस आहे. दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियम तुटेल या धास्तीने इंग्लंडमध्ये डक्सफर्डला नॉर्मन डी ब्रुइन यांच्या कंपनीने स्पिटफायर विमानाचं धड जवसाच्या धाग्याचं करून पाहिलं होतं. मॅक्लारेनने २०२० मध्ये शर्यतीचं आसन जवसाच्या कापडाचं केलं. काचेच्या धाग्याहून हा धागा बराच हलका, कंपनं चांगली मुरवणारा, आणि तुटला तरी अणकुचीदार चिरफळ्या होत नाहीत. एकच मोठी खोड, तो ओल पितो. पावसाळ्यात कापड चांगलं वाळवल्याशिवाय हात लावू नये.

आपल्या शेतातलं जवस तेलाचं, बुटकं आणि फांद्यांचं. लिननचं जवस उंच, सरळसोट वाढणारं, युरोपच्या थंड हवेतलं. पण लिननचं कापड अमरावतीजवळच विणलं जातं, नांदगाव पेठच्या रेमंडमध्ये! मात्र शर्टाचं कापड जसंच्या तसं चालणार नाही. त्या सुताला पीळ असतो, त्यामुळे रेझिन आत शिरत नाही आणि धागा भाराच्या रेषेत राहत नाही. हवं ते कमी पिळाचं सूत. इथे मेकॅनिकलच्या पोरांचं ज्ञान संपतं आणि सूतवाल्यांचं सुरू होतं. यवतमाळच्या जवाहरलाल दर्डा महाविद्यालयाने टेक्स्टाइल अभियांत्रिकी शिकवलेली आहे. हे दोघं एका टेबलाशी बसले पाहिजेत, असं मी भेटेल त्याला सांगत असतो.

पहिल्या वर्षी सांगाडा खुशाल पोलादाचा ठेवा. आसन आणि नाक जवसाचं करा, आणि सोबतच पुढच्या कंपोझिट चासिसची तयारी सुरू करा. चासिसच्या बाजूच्या भिंतीसाठी नियमांत एक चाचणी आहे: २५ मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या तुकड्यात घुसवायचा, आणि तुकड्याने किमान ७.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे साडेसातशे किलोंचा भार सोसला पाहिजे. हा दट्ट्या महाविद्यालयातल्या चाचणी यंत्रावर बसतो. निरनिराळे थर, निरनिराळ्या दिशा घेऊन तुकडे करा, फोडा, आणि प्रत्येकाचा आकडा, त्या दिवशीचं तापमान आणि हवेतली ओल वहीत लिहा. शेवटच्या वर्षाची पोरं पास होऊन पुण्याला गेली की संघाची अक्कलही त्यांच्याबरोबर जाते, हे मी बघत आलो आहे. ती वही मागे राहिली, तर तिसऱ्या-चौथ्या तुकडीला वऱ्हाडात चासिस घडवता येईल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.