मार सोसणे म्हणजे सबर नव्हे

नवऱ्याचा मार खाणाऱ्या मुस्लिम बाईला हमखास सल्ला मिळतो: सबर कर, घर मोडू नकोस. सोबत धर्माचा हवाला असतोच. अबू दाऊद यांच्या हदीस संग्रहातली एक नोंद मात्र याच्या अगदी उलट जाते. मदिनेच्या हबीबा बिन्त सहलला नवऱ्याने, साबित बिन कैसने, अवयव मोडेपर्यंत मारले. सकाळीच ती पैगंबरांकडे गेली. त्यांनी साबितला बोलावले आणि निकाहात मेहर म्हणून तिला दिलेल्या दोन बागा परत घेऊन तिला मोकळी करायला सांगितले. समजूत घालून तिला परत नांदायला धाडले नाही. बायकोने मागितलेल्या अशा फारकतीला ‘खुला’ म्हणतात.

यावर कुराणातल्या सूरा निसाची ३४वी आयत पुढे केली जाते. तिच्यात नवऱ्याला मारण्याची मुभा आहे, असे बहुतेक जुन्या धर्मशास्त्र्यांनी मानले, हे झाकण्यात अर्थ नाही. पण इजा होईल असा मार आणि तोंडावरचा मार त्यांनीच निषिद्ध ठरवला. मक्केचे धर्मशास्त्री अता बिन अबी रबाह तर मारूच नये, या मताचे होते. शिवाय लगेच येणारी ३५वी आयत दोन्ही घरांकडून एकेक पंच नेमायला सांगते. घरातली गोष्ट घरातच राहू द्या, हा आग्रह मग कुठून आला? माझ्या मते, तो धर्मापेक्षा खानदानाच्या अब्रूतून आला. आणि ती अब्रू जपणारे आपल्याकडे सगळ्याच धर्मांत सापडतात.

कोर्टकचेरी म्हणजे शरियतमध्ये ढवळाढवळ, हा दुसरा आक्षेप. इथे इतिहास पाहावा. हनफी पंथाच्या मतानुसार छळाच्या कारणावरून काझीला निकाह रद्द करता येत नसे, आणि सुटकेसाठी काही स्त्रिया चक्क धर्म सोडू लागल्या होत्या. तेव्हा देवबंदी परंपरेतल्या मौलाना अशरफ अली थानवींनीच मालिकी पंथाच्या मतांचा आधार घेऊन वाट काढली. त्या विचारमंथनातून १९३९चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. नवऱ्याची क्रूरता हे त्यात फारकतीचे कारण आहे, आणि अंगाला हात न लावता जगणे नकोसे करणेही क्रूरतेतच मोडते. खुल्यात बायकोला सहसा मेहर सोडावा लागतो, म्हणजे मार खायचा तिने आणि भुर्दंडही तिनेच भरायचा. या कायद्याच्या कलम ५ने तिचा मेहरावरचा हक्क शाबूत ठेवला आहे.